दोन बोटं माया

मास्तर पहिल्यांदा गाडी बघायला गेले तेव्हा पाकीट घरीच विसरले, टेप मात्र गळ्यात होती. ती त्यांनी मुद्दाम घेतली नव्हती. पंचेचाळीस वर्षं ती टेप त्यांच्या गळ्यात लोंबते आहे. अंघोळीला जाताना काढतात, आल्यावर आधी टेप घालतात, मग सदरा. धंदा शिंप्याचा. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, आणि बँकेतल्या बाईनं खऱ्या नावानं हाक मारली तर ते मागं वळून कुणाला बोलावतायत ते बघतात.

गाडी घ्यायची ती विजेचीच, हे आधीच ठरलं होतं. त्याला कारण मास्तरांचा डावा गुडघा. जन्मभर पायमशीन हाणून त्या गुडघ्याचा भुगा झाला होता, आणि दुकानाच्या जुन्या व्हॅनचा क्लच दाबताना त्यांच्या तोंडून असे शब्द निघत की शेजारची माणसं खिडक्या लावून घेत. विजेच्या गाडीला क्लचच नसतो म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "मग तीच खरी गाडी. बाकीच्या नुसत्या शिक्षा."

पण हा झाला त्यांचा गुडघा. गाडी खरी हवी होती ती बायकोसाठी.

बायकोला सगळे टपालबाई म्हणतात. बत्तीस वर्षं तिनं या गावात घरोघर टपाल वाटलं, आधी सायकलवर आणि शेवटची काही वर्षं पायी. गावात एक कुत्रं असं नव्हतं जे तिच्या अंगावर आलं नाही, आणि एक असं नव्हतं जे महिन्याभरात तिच्या मागं शेपूट हलवत फिरलं नाही. चढ, चिखल, बर्फासारखं थंड वारं, सगळं तिनं पायाखाली घातलं. आणि पडली कुठं, तर स्वतःच्या मोरीत, साबणाच्या वडीवर पाय देऊन. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, काठी टेकत घरात हिंडूफिरू लागली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

घोडं अडलं ते तपासणीहून परत येताना. दवाखान्याच्या फाटकात टॅक्सी आली, तिची बैठक खोल, खड्ड्यासारखी. बाईला बसता येईना. ड्रायव्हर आणि दवाखान्यातला एक गडी पुढं झाले, दोघांनी दोन बगलांत हात घातले, 'एक, दोन, तीन' म्हणाले आणि उचलून आत ठेवली. फाटकात पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यातल्या निम्म्यांच्या घरची पत्रं तिनं वाटलेली.

घरी आली. पलंगावर टेकल्यावर एवढंच म्हणाली, "मास्तर, जन्मभर पार्सलं वाहिली. आज मीच पार्सल झाले."

त्यानंतर चौदा महिने ती उंबऱ्याबाहेर गेली नाही. डॉक्टरलाच घरी बोलवायचं, असा तिचा हुकूम. लेकीनं समजावलं, शेजारणीनं समजावलं. मास्तरांनी एकदा तोंड उघडलं, पण तिनं नुसतं बघितलं आणि त्यांनी ते परत मिटलं.

पण आता एक भानगड झाली होती. टपालबाईची थोरली बहीण, अक्का, वर डोंगरातल्या गावी असते. वय ऐंशी. दर रविवारी दोघींचा फोन. अलीकडं अक्काला ऐकू येईनासं झालं होतं. टपालबाई म्हणायची, "पाय बरा आहे," तर पलीकडून यायचं, "कशाला आणलीस गाय?" दोघी किंचाळून किंचाळून दमायच्या. गेल्या महिन्यात अक्का म्हणाली, "हे बघ, फोन आता माझ्या कामाचा नाही. ओठ हलताना दिसले तर मला कळतं. तू ये. तोंड दाखव. नाहीतर असंच बोलत राहू आणि दोघी मरू."

फोन ठेवल्यावर टपालबाईनं हाताच्या नखांकडं बघितलं. मग म्हणाली, "जाईन. पण माझी मी बसेन, माझी मी उतरेन. कुणी हात लावलेला चालणार नाही. तसली गाडी असेल तर सांगा."

म्हणून मास्तर टेप घालून निघाले.

आता तसली गाडी म्हणजे कसली, हे ठरवायला घरात एक विद्वान होताच. तो म्हणजे जावई. माणूस गुणाचा, पण कंपास घ्यायचा तरी चार दुकानांचा तक्ता करणारा. त्यानं आठवडाभर खपून दोन गाड्या निवडल्या. दोन्ही क्रॉसओव्हर. क्रॉसओव्हर म्हणजे धड मोटार नाही, धड जीप नाही; घोडा आणि गाढव यांच्या मधलं खेचर असतं, तसं. एक पांढरी, एक निळी. त्यानं कागदावर एकतीस ओळींचा तक्ता आणला. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, चार्ज व्हायला किती वेळ, बॅटरीची हमी किती वर्षं, डिकीत किती लिटर, पडदा किती इंची, छताला काच आहे की नाही.

"छताला काच कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"आकाश दिसतं, बाबा."

"मान वाकडी करून फुकट दिसतं की."

जावई हसला आणि पांढरीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "एकतीसपैकी बावीस ओळींत पांढरी पुढं आहे. आणि मुख्य म्हणजे चारशेऐंशी किलोमीटर जाते. निळी तीनशेनव्वद. अक्कामावशींचं गाव दोनशे बारा. मध्ये एकच चार्जर आहे आणि तो निम्मा वेळ बंद असतो. आपल्याला पांढरीच हवी."

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तक्त्याच्या खाली बत्तिसावी ओळ लिहिली: 'ती आपली आपण बसेल का?' पुढचे दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि म्हणाले, "हे तुमच्या कॉम्प्युटरात नाही, जावईबापू. हे मी बघून येतो."

दोन्ही शोरूम एकाच रुंद रस्त्यावर, समोरासमोर. दोन जावा आपापल्या खिडकीतून एकमेकींचं धुणं बघत बसतात ना, तशी. मास्तर आधी पांढरीकडं गेले. गुळगुळीत दाढीचा एक तरुण पुढं आला आणि पोपटासारखा सुरू झाला. मास्तरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग दार उघडलं, गळ्यातली टेप काढली आणि जमिनीवर गुडघा टेकून बैठकीची उंची मोजायला लागले.

"सर, ग्राउंड क्लिअरन्स माहितीपत्रकात दिलाय," तरुण म्हणाला.

"ते जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं. मला बुडाखालचं सांगा."

"ते... कुणी विचारत नाही, सर."

"कपडे शिवायला आलेलंही कुणी विचारत नाही. आम्ही तरी मोजतोच." अठ्ठावीस इंच. मास्तरांनी पुटपुटत वहीत टाकलं. "बरं, चारशेऐंशी म्हणता. डोंगरात, थंडीत, दोन माणसं आणि सामान धरून किती?"

"चारशेऐंशी, सर. कंपनीचा आकडा आहे."

मास्तरांनी टेप परत गळ्यात घातली. रस्ता ओलांडून निळीकडं गेले.

तिथं पन्नाशीची एक बाई होती, करड्या कोटातली. तिनं मास्तरांना टेप लावू दिली, वर टेपचं दुसरं टोकही धरलं. साडेपंचवीस. मग मास्तरांनी तोच प्रश्न विचारला. बाईनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज बारीक केला. "कागदावरचं सोडा. मी माझ्या आईला घेऊन घाट चढले होते. तीनशे धरून चाला. जास्त गेली तर देव पावला म्हणायचं."

मास्तरांचा चेहरा एकदम खुलला. शिवणीच्या आत, कुणाला दिसणार नाही असं जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. उद्या माणूस सुटलं, अंगानं भरलं, तर शिवण उसवायची आणि तेवढं सैल करायचं. जो शिंपी अंगासरशी कापतो, मायाच ठेवत नाही, त्याच्याकडचा कपडा पहिल्या दिवशी झकास बसतो आणि दुसऱ्या वर्षी फाटतो. मास्तरांच्या मनात आलं, समोरचा पोरगा अंगासरशी कापणारा आहे. ही बाई माया ठेवून बोलते.

निघताना ते तिला म्हणाले, "तुमच्या कोटाची डावी बाही पाऊण इंच लांब आहे."

बाईनं हात पुढं करून बघितलं. "सात वर्षं हा कोट घालतेय मी!"

"मग सात वर्षं लांब आहे," मास्तर म्हणाले आणि गेले.

पण माणूस कितीही खरं बोलला तरी माप ते माप. दुकानात येऊन मास्तरांनी फळीवरून जुनी, कडा चावलेली वही काढली. तिच्या तिसऱ्या पानावर टपालबाईचं माप होतं. टपाल खात्याचा गणवेश शिवायला ती पहिल्यांदा दुकानात आली, त्या दिवशीचं. तेव्हा टपालबाई चोवीस वर्षांची होती, आणि माप घेताना मास्तरांच्या हाताला असा कंप सुटला होता की तो गणवेश शिवून झाल्यावर कुठं सैल, कुठं तंग. मास्तरांच्या उभ्या जन्मात परत आलेला कपडा एवढाच. एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली आणि मग माघारी गेलीच नाही. लग्न झालं तेव्हा मास्तर मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "तुझं माप पुन्हा घ्यायचं नाही. बायकोचं माप एकदाच घेतात." आणि खरंच घेतलं नाही. त्याच पानावरून त्यांनी तिचे सगळे कपडे कापले. ऑपरेशननंतर घरात घालायच्या सहा विजारीसुद्धा.

पायाची आतली लांबी: साडेअठ्ठावीस.

डॉक्टरनं बजावलं होतं, बैठक खोल नको, खुब्यापेक्षा गुडघा वर जाता कामा नये. साडेअठ्ठावीसचा पाय, अठ्ठावीसची बैठक. नुसतं मागं टेकायचं, की बसली. आणि निळी पायापेक्षा तीन इंच खाली, म्हणजे पुन्हा टॅक्सीचा खड्डा. मास्तरांनी नाइलाजानं बत्तिसाव्या ओळीत पांढरीपुढं 'हो' लिहिलं. जावई खूश. "बघा बाबा, तक्ता खोटं बोलत नाही."

"पण आधी घरी आणा म्हणावं," मास्तर म्हणाले. "अंगाला लावून बघितल्याशिवाय टीप मारत नाही मी."

मंगळवारी सकाळी पांढरी दाराशी आली. गुळगुळीत दाढीचा तरुण चालवत आला, मागं जावई. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. टपालबाईनं करडी विजार घातली होती, केस नीट बसवले होते, आणि चौदा महिन्यांनी ती उंबरा ओलांडून बाहेर आली. काठी टेकत गाडीपर्यंत गेली. पाठ गाडीकडं केली. टेकायला गेली.

टेकता येईना. बैठकीची कड तिच्या कमरेत रुतत होती. चवड्यांवर उभी राहिली, तरी बूड वर पोचेना. एक पाय आत टाकून बघावा म्हणून वळली, तर दाराखालची पट्टी वीतभर रुंद; पाय उचलताना विजारीची कड टाचेखाली आली, कर्रकन उसवली आणि बाईचा तोल गेला. तिनं दार घट्ट धरलं म्हणून निभावलं. जावई धावला, तरुण धावला, चार हात पुढं आले.

"हात लावायचा नाही!"

सगळे जागच्या जागी थिजले. तिनं काठी सरळ केली, उसवलेली कड ओढत उंबऱ्यापर्यंत गेली आणि आत गेली.

जावई हळूच म्हणाला, "बाबा, बाजूला पायरी बसवून मिळते."

आतून आवाज आला, "शिडीच आणा ना! आणि खाली जाळी धरा, म्हातारी उडी मारतेय म्हणून!"

गाडी गेली. खिडक्या मिटल्या. मास्तर उंबऱ्यावर बसून राहिले. त्यांना गाडीचं दुःख नव्हतं. माप चुकलं होतं. पंचेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा कपडा परत आला होता, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक तेच.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी ती करडी विजार मागून घेतली आणि कड शिवायला बसले. सुईत दोरा ओवला, उसवलेली दुमड उलगडली आणि तिथंच थांबले. दुमड दोन बोटांची असायला हवी होती. ती उलगडतच गेली. आत चांगलं अडीच इंच कापड घडी घालून ठेवलेलं, आणि त्याला हाताचे टाके. टाके मास्तरांचे नव्हते. लांब लांब, दणकट, गाठीवर गाठ. पार्सलाला सुतळी बांधावी तसे.

ते उठले. कपाट उघडलं. राहिलेल्या पाचही विजारी काढून कडा तपासल्या. पाचही तशाच.

टपालबाई खिडकीशी बसली होती. मास्तर विजार हातात घेऊन समोर उभे राहिले.

"हे कधीपासून?"

तिनं बघितलं आणि चेहरा पलीकडं केला. "तुम्ही दुकानात असता, तेव्हा करायचे."

"कधीपासून ते विचारतोय."

"नोकरी सुटली तेव्हापासून. आधी थोडं दुमडावं लागायचं. मग जास्त."

"सात वर्षं! मला सांगायला काय झालं होतं? मी काय परका शिंपी आहे?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही वही उघडता, साडेअठ्ठावीस असं खणखणीत म्हणता आणि शीळ घालत कापायला लागता. त्या वहीत मी अजून सायकलवर आहे, मास्तर. मलाही तिथून उतरवेना."

मग शिंपी जे करतो ते मास्तरांनी केलं. गळ्यातली टेप काढली. "ऊठ. उभी राहा."

"माप एकदाच घेतात म्हणाला होतात."

"लग्न जमेस्तोवर शिंपी काहीही बोलतो. ऊठ."

ती काठी टेकून उभी राहिली. मास्तर खाली बसले, तसा त्यांचा डावा गुडघा फटाका फुटल्यासारखा वाजला. ती हसली. तोल सांभाळायला तिनं हात टेकला तो त्यांच्या टकलावर. त्यांनी टेप लावली, टाचेपर्यंत ताणली, पुन्हा लावली, पुन्हा ताणली. तिसऱ्यांदाही लावली. ती ओरडली, "अहो, आता काय हात कापतोय की काय तुमचा?"

"गप्प बस. मोजू दे." आणि मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या पायात खात्याचे बूट होते. टाचेचे."

"होते. तुम्हीच म्हणाला होता, गणवेश बुटावरच मोजायचा असतो."

म्हणजे एक इंच बुटाच्या टाचेचा. अर्धा इंच माया, ती सवयीनं आकड्यातच घातलेली. आणि राहिलेला एक इंच वाकलेल्या गुडघ्यांनी, वयानं खाल्लेला. मास्तरांनी पेन्सिल काढली आणि नवं पान उघडून लिहिलं: साडेसव्वीस.

ती वरून बघत होती. "किती भरलं टेपवर?"

"सव्वीस."

"मग अर्धा कुठून आला?"

मास्तरांनी पेन्सिलीकडं अशा नजरेनं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. हात आपसूक चालला होता.

"माया घालू नका त्यात," टपालबाई म्हणाली. "विजार उसवता येते. गाडी कुठं उसवणार?"

त्यांनी 'साडे' खोडलं. सव्वीस राहिलं. मग उठायला गेले, तर उठता येईना, गुडघा अडकला. टपालबाईनं काठी पुढं केली आणि म्हणाली, "धरा. मी तुम्हाला हात लावत नाही. उगाच पार्सल व्हाल."

सव्वीसचा पाय. निळीची बैठक साडेपंचवीस.

संध्याकाळी जावई आला तेव्हा मास्तरांनी तक्त्याची बत्तिसावी ओळ खोडून नव्यानं लिहिली होती. जावई वाचून म्हणाला, "पण बाबा, नव्वद किलोमीटर कमी जाते ती. घाटात बंद पडली तर? आईंना घेऊन रस्त्यात बसाल?"

"त्या बाईनं तीनशे सांगितलेत."

"ती विकणारी बाई आहे."

"विकणारी बाई आपल्या मालाचे नव्वद स्वतःहून कापते, तेव्हा ती खरं बोलत असते. तीनशेतून दोनशे बारा गेले. राहिले किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"ती माया. एवढी पुरते."

"आणि परत यायला?"

मास्तरांनी त्याच्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "जावईबापू, इतक्या दिवसांनी थोरल्या बहिणीकडं गेलेली बाई त्याच दिवशी परत येते का? चार दिवस गाडी अक्काच्या भिंतीला टोचून ठेवू. दोघींचं बोलणं संपायच्या आत दहादा भरेल."

जावयाला हसू आलं. त्यानं तक्त्याची घडी केली, पण खिशात ठेवता ठेवता थांबला. "खरं सांगू, बाबा? सकाळी त्या माझ्यावर ओरडल्या ना, तेव्हा मला वाटलं, मी एकतीस ओळी लिहिल्या आणि त्यांना एकदाही विचारलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही. मी मोजलं नाही," मास्तर म्हणाले. "दोघं सारखेच शहाणे. चहा घ्या."

निळी आली ती शुक्रवारी. या वेळी मास्तरांनी खिडक्यांतल्या प्रेक्षकांची सोय आधीच केली होती. गाडी गल्लीत नको, मागच्या आवाराच्या दाराशी लावा म्हणाले. शिवाय रात्रीतून नव्हे, भर दुपारी, गिऱ्हाइकांचे दोन कोट बाजूला सारून त्यांनी एक गोल गादी शिवली होती. वरून कोटाच्या अस्तराचं कापड लावलेलं, साबणासारखं गुळगुळीत. ती त्यांनी बैठकीवर ठेवली.

"हे काय?" टपालबाईनं विचारलं.

"अस्तर. कोट अंगात सरकन जातो तो अस्तरामुळं. आता मागं टेक, आणि दोन्ही पाय एकदम उचलून फिर."

करड्या कोटातली बाई आली होती. ती पुढं होऊ लागली, तसं मास्तरांनी तिला अडवलं. "तुम्ही इकडं या. कोट काढा."

"अं?"

"बाही. पाऊण इंच. तिला बघत उभं राहू नका, तिला आवडत नाही. चला आत."

म्हणून मग त्या बाईला घेऊन मास्तर आत गेले आणि मशीनवर बसले. जावयाला त्यांनी पुढच्या दारातून पेन्सिली आणायला पिटाळलं. घरात पेन्सिली डझनभर होत्या. आवारात टपालबाई, काठी आणि गाडी, एवढंच राहिलं. मास्तर बाही उसवत होते, पण कान बाहेर. मशीन मात्र त्यांनी चालू केलं नाही. बाई म्हणाली, "तुम्ही शिवत का नाही?" मास्तर म्हणाले, "दोरा अडकलाय." दोरा कुठंच अडकला नव्हता.

बाहेर काठी आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग कापडावर कापड घसरल्याचा, सर्रकन. मग पुन्हा काहीच नाही.

आणि मग हॉर्न. एकदा नाही, दोनदा नाही. लांबलचक, गल्लीतली कुत्री भुंकायला लागेपर्यंत.

मास्तर बाहेर धावले, धावले म्हणजे लंगडले. टपालबाई चालवणाऱ्याच्या बाजूच्या जागेवर ताठ बसली होती आणि हात लांब करून हॉर्नवर दाबून धरला होता. टपालाच्या सायकलची घंटी ती अशीच वाजवायची, पत्र घ्यायला माणूस बाहेर येईपर्यंत.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काय व्हायचंय? दार लावा. वारं येतंय."

त्या दिवशी ती नऊ वेळा बसली आणि नऊ वेळा उतरली. दहाव्यांदा बसली तेव्हा जावई पेन्सिली घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. तिनं त्याला आत बोलावून छताकडं बोट केलं. "काय हो, हिला काच नाही?"

"नाही, आई. ती पांढरीला होती."

"बरं झालं. वरून कावळे बघत बसले असते."

पुढच्या महिन्यात दोघं अक्काकडं निघाली. मास्तर चालवत, टपालबाई शेजारी, मांडीवर काठी. जावयानं वाटेतल्या चार्जरचा पत्ता मास्तरांना तीनदा पाठ करायला लावला होता. ते पोचले तेव्हा चार्जरवर कापड टाकून दोरी बांधलेली. टपालबाई म्हणाली, "मेला वाटतं." मास्तरांनी गाडी थांबवलीही नाही. घाट चढताना मात्र ते पडद्यावरच्या आकड्याकडं सारखे बघत होते, आणि ती त्यांच्याकडं. एका वळणावर म्हणाली, "आकड्याकडं काय बघता? रस्ता बघा. माया ठेवलीय ना?"

"ठेवलीय."

"मग झालं तर."

वर पोचली तेव्हा पडद्यावर एक्क्याऐंशी उरले होते. जावयाच्या हिशेबातले सात थंडीनं खाल्ले.

अक्का फाटकातच उभी होती. ऐंशी वर्षांची, अंगात लेकाचा स्वेटर, डोळे गाडीच्या काचेवर. गाडी थांबली तशी दोन्ही हात पसरून दाराकडं आली. टपालबाईनं काचेतून एक बोट वर केलं. थांब. अक्का थांबली.

दार उघडलं. अस्तरावरून बाई फिरली, दोन्ही पाय एकदम खाली आले. काठी टेकली. उभी राहिली. विजार टाचेला बरोब्बर टेकत होती, कुठं दुमड नाही.

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. अक्कानं तिला खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं, आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाली,

"अगं बाई! केवढीशी झालीस गं तू!"

मास्तर अजून गाडीतच होते. सात वर्षं घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते थोरलीनं पहिल्या फटक्यात बोलून टाकलं होतं.

टपालबाई हसली. मग बहिणीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, ओठ सावकाश हलवत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"सव्वीस इंच. शिंप्याला विचार. ताजं माप आहे त्याच्याकडं."

अक्कानं तिच्या ओठांकडं बघितलं, मग गाडीतल्या मास्तरांकडं, आणि मान डोलावली. कळलं होतं सगळं. मग दोघी जणी, एक काठी टेकत आणि एक भिंत धरत, हळूहळू घराकडं चालू लागल्या. मास्तर गाडीतून उतरले, मागून वायर काढली आणि भिंतीतलं छिद्र शोधत बसले.